यंत्रावर वाचलेलं लक्षात राहत नाही, आणि घरचे म्हणतात कपाट रिकामं करा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

या वेळचं पत्र पन्नाशी ओलांडलेल्या एका वाचक ताईंचं आहे. लहानपणापासून वाचनाची ओढ, घरात भिंतभर पुस्तकं, त्यातली बरीचशी वडिलांकडून आलेली. मधल्या काळात बारीक टाइप दिसेनासा झाला, मनगट दुखू लागलं, जाड पुस्तक हातात धरवेना. ‘दोन-तीन वर्षं मी जवळजवळ वाचतच नव्हते,’ असं त्या लिहितात. मग मुलीने वाढदिवसाला ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचण्यासाठीचं छोटं यंत्र, दिला आणि वाचन पुन्हा सुरू झालं, ते इतकं की एक पुस्तक संपलं की त्याच मिनिटाला दुसरं उघडतं. पण मैत्रिणींच्या वाचनगटात चर्चा निघाली तेव्हा नुकत्याच वाचलेल्या कादंबरीतल्या पात्रांची नावं आठवेनात, लेखकाचंही आठवेना. आधी काय घडलं आणि नंतर काय, याचा घोळ होऊ लागला. आवडलेला उतारा शोधायला गेल्या, तो सापडेना. एक मैत्रीण म्हणाली, ‘यंत्रावर वाचलेलं डोक्यात जातच नाही.’ रात्री स्क्रीनवर वाचलंस तर डोळे आणि झोप दोन्ही घालवून बसशील, असं जाऊबाईंनी बजावलं. त्यातच काही महिन्यांनी लहान घरात राहायला जायचं आहे आणि यजमान म्हणतात, ‘सगळं त्या यंत्रात मावतं, मग कपाट कशाला न्यायचं?’ ताई विचारतात, ‘मी कायमची यंत्राकडे वळू की पुन्हा कागदाकडे जाऊ? पुस्तकं देऊन टाकू का? यंत्रावर वाचताना मला पुस्तकांशी बेइमानी केल्यासारखं वाटतं.’

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते आधी सुटे करायला हवेत. घर बदलण्याला तारीख आहे. वाचलेलं लक्षात न राहण्याला नाही. सामान बांधायच्या घाईत तुम्ही दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावू पाहताय, आणि एकदा दिलेलं पुस्तक परत मिळत नाही. शिवाय एकच पर्याय निवडून तो जन्मभर पाळायचा, ही अट तुमच्यावर कुणीच घातलेली नाही. मुलीने यंत्र दिलं तेव्हा ‘आता कागद सोड’ असं ती म्हणाल्याचं तुमच्या पत्रात कुठेही नाही.

बेइमानीचं आधी बोलते, कारण बाकीच्या विचारांवर तिची सावली पडली आहे. तुम्ही तुलना करताय ती कागदावरच्या वाचनाची आणि यंत्रावरच्या वाचनाची. पण तुमचंच वाक्य पुन्हा वाचा: दोन-तीन वर्षं तुम्ही जवळजवळ वाचत नव्हतात. म्हणजे बारीक टाइपाच्या आणि जाडजूड पुस्तकांपुरती तुमची खरी तुलना यंत्रावर वाचणं आणि अजिबात न वाचणं यांच्यात आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं अक्षर धूसर दिसतं. ते वयाचं आहे, तुमच्या निष्ठेचं नाही. सहाशे पानांचा ग्रंथ अर्धा किलोच्या पुढे जातो, तर बहुतेक लहान ई-रीडर दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅमचे असतात. दुखऱ्या मनगटाला हा फरक पहिल्या पाच मिनिटांतच कळतो. अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं ही तर दृष्टी कमी झालेल्या माणसासाठी वाचनाची वाट पुन्हा उघडणं आहे. तुम्ही पुस्तकांकडे पाठ फिरवली नाहीत, त्यांच्याकडे परत आलात. हे मी तुमची समजूत काढायला लिहीत नाही. ‘यंत्र ठेवू की सोडू’ या प्रश्नात हेच सगळ्यात वजनदार कारण आहे, म्हणून लिहिते.

आता जाऊबाईंची भीती. ती निराधार नाही, पण तिचा रोख दुसऱ्या यंत्रावर असायला हवा. मोबाइल आणि टॅबलेटचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि आपण त्या उजेडाकडे बघत वाचतो. ई-रीडरचा पडदा वेगळा, त्याला ई-इंक म्हणतात. त्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण, दोघांचा विद्युतभार परस्परविरुद्ध. खालून विद्युतदाब बदलला की कुठे पांढरे कण वर येतात, कुठे काळे, आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं, त्यासाठी वीज लागत नाही. वीज लागते ती पान बदलताना. म्हणून चार्जिंग कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडे पुरतं, आणि हे कण बाहेरचा उजेड परावर्तित करतात म्हणून पडदा कागदासारखा दिसतो, भर उन्हातसुद्धा. रात्रीसाठी जो दिवा असतो त्याचा उजेड कडेने येऊन पानावर पसरतो, थेट डोळ्यांत घुसत नाही.

झोपेबद्दल जे नेहमी सांगितलं जातं त्याचं मूळ बऱ्याचदा 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असतं. त्यात 12 जणांना झोपण्यापूर्वी सुमारे चार तास वाचायला लावलं, काही रात्री छापील पुस्तक आणि काही रात्री उजेड फेकणारं यंत्र. यंत्रावर वाचलं त्या रात्री झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली आणि झोपेशी संबंधित मेलॅटोनिन या संप्रेरकाचं प्रमाण घटलं. पण ते यंत्र होतं आयपॅड, तेही उजेड पूर्ण वाढवून, मंद प्रकाशाच्या खोलीत. तुमच्या हातातलं यंत्र ते नव्हे. डोळ्यांच्या थकव्याबद्दलही 2013 मध्ये एक छोटा अभ्यास झाला. त्यात टॅबलेटच्या पडद्याने डोळे जास्त थकले, ई-इंकचा पडदा आणि कागद मात्र साधारण सारखेच ठरले. तरीही रात्री दिव्याचा उजेड खोलीइतकाच मंद ठेवा, पिवळसर छटेची सोय असेल तर ती वापरा आणि अधूनमधून लांब कुठेतरी नजर टाका. हे कागदावर वाचतानाही करायचंच असतं. जाऊबाईंना हे सगळं सांगून पटवायला जाऊ नका, त्यांची काळजी खरी आहे. फक्त तुमच्या मनातून ती भीती गेली म्हणजे झालं.

खरा गुंता लक्षात राहण्याचा. तुमची मैत्रीण म्हणते ते पूर्ण चूक नाही आणि पूर्ण बरोबरही नाही, आणि यातला फरक तुमच्या फार उपयोगाचा आहे.

2018 साली काही संशोधकांनी कागद आणि पडदा यांची तुलना करणारे 54 अभ्यास एकत्र करून तपासले. 2000 ते 2017 या काळातल्या त्या अभ्यासांत मिळून 1 लाख 71 हजारांहून जास्त वाचक होते. आकलनात कागद सरस ठरला. पण कुठे, ते बघा. माहितीपर मजकुरात, आणि वेळेचं बंधन घालून वाचायला लावलं तेव्हा अंतर वाढलं. नुसत्या कथात्म मजकुरात फरक आढळला नाही. म्हणजे पाठ्यपुस्तक घाईने पडद्यावर वाचणारा विद्यार्थी आणि निवांत कादंबरी वाचणाऱ्या तुम्ही, दोघांना एकच नियम लावता येत नाही.

दुसरा अभ्यास थेट तुमच्या तक्रारीशी जुळतो. 2019 साली नॉर्वेच्या संशोधक आन मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 तरुण वाचकांना 28 पानांची एक रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडल या ई-रीडरवर. बहुतेक कसोट्यांवर दोन्ही गट सारखे उतरले. फरक पडला तो एकाच प्रकारात: कोणती घटना आधी, कोणती नंतर, कथेत ती साधारण कुठे आली. तिथे कागदवाले वरचढ ठरले. तुम्ही लिहिलेला ‘आधी काय आणि नंतर काय’ हा घोळ नेमका हाच. म्हणजे तुमची स्मरणशक्ती ढासळली असं समजायचं कारण नाही.

असं का होत असावं, याचा एक पटण्यासारखा अंदाज आपल्या हातांत आहे. छापील पुस्तक वाचताना डाव्या हातातली जाडी वाढत जाते आणि उजव्या हातातली कमी होते. ‘ते भांडण अर्ध्याच्या थोडं आधी, डाव्या पानावर खाली होतं’ अशी आठवण आपण न ठरवता साठवतो. यंत्राची जाडी पहिल्या पानाला जेवढी तेवढीच शेवटच्या पानाला. त्यातून एकदा अक्षर मोठं केलं की सगळा मजकूर नव्याने वाहतो. काल जो परिच्छेद पानाच्या वर होता तो आज तळाशी, किंवा पुढच्याच पानावर. जागेची खूणच पुसली जाते. तुम्ही दिवसा एक आकार आणि रात्री चष्मा काढून मोठा आकार ठेवता असं लिहिलं आहे. रोज घरातल्या वस्तू हलवल्या तर अंधारात हात कुठे जाणार, तसं हे आहे. म्हणून पहिली सूचना साधीच: एका पुस्तकासाठी अक्षराचा आकार एकदाच ठरवा, रात्रीला सोसेल असा, आणि ते पुस्तक संपेपर्यंत बदलू नका.

पण मला एक वेगळीच शंका येते आणि ती तुमच्याच पत्रावरून. पूर्वी तुमचं चालू पुस्तक टेबलावर, उशाशी, खिडकीत कुठे ना कुठे पडलेलं असायचं. दिवसातून कितीतरी वेळा त्याचं मुखपृष्ठ नजरेला पडायचं, नाव आणि लेखकाचं नाव वाचलं जायचं, आणि न वाचतासुद्धा ते पुस्तक डोक्यात चालू राहायचं. यंत्र उघडलं की थेट काल सोडलेल्या ओळीवर नेतं. पुस्तकाचं तोंडच दिसत नाही. तुम्हाला लेखकांची नावंही आठवत नाहीत याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही, ती तुम्ही फार तर एकदा पाहिली असतात. बऱ्याच नव्या यंत्रांत बंद असताना पडद्यावर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ ठेवण्याची सोय असते. ती सुरू करा आणि यंत्र पालथं न ठेवता मुखपृष्ठ वर येईल असं ठेवा.

आणि ते त्याच मिनिटाला दुसरं पुस्तक उघडणं. शेवटचं पान उलटलं की यंत्र लगेच पुढचं सुचवतं, आणि दोन-तीन वर्षांच्या उपासानंतर तुम्ही भुकेल्यासारख्या वाचताय. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण पूर्वी एक पुस्तक संपून दुसरं हाती येईपर्यंत मध्ये वेळ जायचा, ग्रंथालयात जायला, कुणाकडून आणायला. त्या वेळात पहिलं पुस्तक मुरायचं. आता ती फट बुजली आहे. ती तुम्हाला स्वतः ठेवावी लागेल. एक पुस्तक संपलं की निदान एक रात्र दुसरं सुरू करू नका. सुरुवातीची दोन-चार पानं आणि तुम्ही खूण केलेल्या ओळी पुन्हा चाळा. पात्रं जास्त असतील तर पहिल्या काही प्रकरणांत वहीच्या एका पानावर नावं आणि नाती लिहा, हाताने. यंत्राच्या कोपऱ्यात किती टक्के झालं, किती मिनिटं उरली हे दिसत असेल तर ते बंद करा. ‘अजून नऊ मिनिटांत प्रकरण संपेल’ हे वाचलं की मन मजकूर सोडून त्या नऊ मिनिटांच्या मागे लागतं. प्रकरण संपलं की यंत्र मांडीवर ठेवून काय घडलं ते दोन वाक्यांत मनाशी म्हणा. ही सवय कागदावर वाचणाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते.

उतारा सापडत नाही याचंही थोडं. यंत्रात शब्द शोधायची सोय आहे आणि ती कागदापेक्षा कितीतरी वेगवान आहे, पण तिला नेमका शब्द लागतो. ‘ती पावसात उभी राहते तो भाग’ असं सांगून ती तुम्हाला काही काढून देणार नाही. पात्राचं नाव किंवा त्या प्रसंगातला एखादा दुर्मीळ शब्द आठवला तर शोध लागतो. म्हणून आवडलेल्या ओळीवर बोट फिरवून खूण करायचीच आणि खाली एखादा शब्द टिपून ठेवायचा: ‘पाऊस’, ‘आईचं पत्र’. वाचनगटाच्या आदल्या दिवशी त्या खुणांची यादी उघडली की पुस्तक तुमच्यासमोर असेल. आणि ज्या पुस्तकावर गटात बारकाईने बोलायचं आहे, ज्यात मागेपुढे करावं लागणार आहे, ते छापील मिळत असेल आणि टाइप झेपत असेल तर छापीलच वाचा. मागेपुढे पानं चाळणं हे ई-रीडरला अजूनही नीट जमत नाही, पडदा सावकाश बदलतो आणि मधली पानं नजरेखालून सरकत नाहीत.

कोणतं पुस्तक कुठे वाचावं, याबद्दल माझी मतं स्पष्ट आहेत. सलग वाहणारी कादंबरी, कथा, चरित्र, आठवणी यांना यंत्र उत्तम. परक्या भाषेतलं पुस्तक तर यंत्रावरच वाचावं. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर, त्यामुळे शब्दकोश उघडायच्या कंटाळ्याने वाक्य सोडून द्यावं लागत नाही. कविता मात्र जपून. अक्षर मोठं केलं की ओळ मध्येच तुटते आणि कवीने जिथे थांबायला सांगितलं तिथे आपण थांबत नाही. नकाशे, तक्ते, चित्रं, छायाचित्रं असलेली पुस्तकं सहा-सात इंची पडद्यावर गुदमरतात. रंगीत ई-रीडर आले आहेत खरे, पण त्यांतल्या बऱ्याच पडद्यांवर काळं-पांढरं इंचाला 300 ठिपक्यांनी उमटतं आणि रंग 150 ठिपक्यांनीच, त्यामुळे चित्रकलेचं पुस्तक त्यावर पाहून समाधान होणार नाही. परीक्षेचा अभ्यास करायचा असेल तर वर सांगितलेली आकडेवारी पाहता कागदच.

मराठी वाचकांसाठी इथे एक इशारा द्यायलाच हवा. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती बऱ्याचदा पानांचे नुसते फोटो असतात. त्यात अक्षर मोठं होत नाही, सगळं पानच मोठं होतं, आणि मग प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. मजकूर वाहता हवा असेल तर ईपब किंवा त्यासारख्या स्वरूपातलं पुस्तक घ्या. तेही निष्काळजीपणे केलेलं असलं तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. विकत घेण्याआधी नमुन्याची पानं मोफत मिळतात, ती उतरवून बघा. पहिल्या दोन पानांतच कळतं.

आता कपाट. यजमानांचं म्हणणं अर्धं मान्य करा. जागा कमी आहे ही गोष्ट खरी आणि तिच्याशी भांडून उपयोग नाही. पण ‘सगळं त्या यंत्रात मावतं’ हे खरं नाही. मावतात ते दुसरेच अनेक हजार मजकूर. तुमच्या कपाटातली पुस्तकं त्यात नाहीत. वडिलांच्या काळातली कितीतरी पुस्तकं ई-पुस्तक म्हणून निघालेलीच नसतील, आणि जी निघाली आहेत त्यांत वडिलांनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं काही नाही.

त्याहून मोठी गोष्ट मालकीची. ई-पुस्तक ‘विकत घ्या’ असं बटण दाबून आपण घेतो, पण बहुतेक दुकानांच्या अटींनुसार मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली, पण लोकांनी त्या पुस्तकांवर केलेल्या नोंदी मजकुराशिवाय लटकत राहिल्या. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा तिथून घेतलेली पुस्तकं उघडायचीच थांबली. तिथेही पैसे परत मिळाले, आणि नोंदी केलेल्यांना वर 25 डॉलर. समासात लिहिलेल्या ओळींची भरपाई अशी होते का, हे तुम्हीच ठरवा. डिसेंबर 2019 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने तर वाचून झालेलं ई-पुस्तक हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुढे विकता येणार नाही असाच निकाल दिला. छापील पुस्तक तुम्ही वाचता, मैत्रिणीला देता, नातीला देता. यंत्रातलं पुस्तक तुमच्या खात्याला बांधलेलं असतं.

शिवाय ही यंत्रं अजून तरुण आहेत. ई-इंकचा पडदा असलेलं पहिलं वाचनयंत्र सोनीने जपानमध्ये आणलं ते 2004 साली, आणि किंडल आलं 2007 च्या नोव्हेंबरात. तुमच्या वडिलांची पुस्तकं या दोन्हींहून जुनी आहेत आणि ती उघडायला कुठलंही खातं, पासवर्ड किंवा चार्जिंग लागत नाही. म्हणून एखादं पुस्तक ‘यंत्रात आहे’ एवढ्याच कारणाने देऊन टाकू नका.

मग काय द्यायचं? नव्या घरातल्या फळ्यांची लांबी आधी मोजा, टेप घेऊन, यजमानांसोबत. किती फूट पुस्तकं जाणार हा आकडा दोघांनी मिळून ठरवला की प्रत्येक पुस्तकावर वाद होत नाही. मग वडिलांच्या हस्ताक्षराची, सप्रेम भेट मिळालेली, पुन्हा छापून न आलेली, चित्रं-नकाशे असलेली आणि तुम्ही पुन्हा पुन्हा उघडता ती पुस्तकं आधी मांडा. उरलेल्या जागेत बाकीची. पुन्हा कधीच वाचणार नाही, कागदावर नाही आणि यंत्रावरही नाही, अशी पुस्तकं तुम्हाला हात लावताच कळतील. ती एखाद्या ग्रंथालयाला किंवा वाचणाऱ्या माणसाला द्या, रद्दीत घालू नका. आणि जी आवडती आहेत पण टाइप इतका बारीक की आता वाचवतच नाही, त्यांचं काय? त्यांची ई-आवृत्ती निघाली आहे का ते पाहा, ती यंत्रावर वाचा, आणि जागा असेल तर छापील प्रतही राहू द्या. एकच पुस्तक दोन्हीकडे असण्यात काही वावगं नाही. मी स्वतः काही पुस्तकं अशीच ठेवली आहेत आणि त्या दोन प्रती दोन वेगळ्या वेळी उघडल्या जातात.

यंत्रातलंही थोडं सांभाळून ठेवायला हवं. तुमच्या खुणा आणि नोंदी अधूनमधून संगणकावर उतरवून घ्या. किंडलमध्ये त्या ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या फाइलमध्ये साठतात आणि केबल जोडून ती फाइल कॉपी करता येते. जी पुस्तकं कुलूपबंद नाहीत, म्हणजे दुकानाने कॉपी करण्यावर बंधन घातलेलं नाही, त्यांच्यासाठी कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सुरू केलेलं. पुस्तकांची यादी, प्रती, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात बदल, सगळं त्यात होतं. प्रताधिकार संपलेली पुस्तकं हवी असतील तर 1971 साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-ग्रंथालयात हजारोंनी मिळतात, बहुतेक इंग्रजीत, आणि ती खरोखर तुमचीच होतात. आपण किती वाचलं, कुठे थांबलो, कोणत्या ओळीवर खूण केली हे यंत्र कंपनीकडे पाठवतं, हेही माहीत असू द्या. खटकत असेल तर वायफाय बंद ठेवून वाचा. वाचनाला इंटरनेट लागत नाही, आणि चार्जिंगही जास्त पुरतं.

अजून यंत्र घ्यायचं की नाही या विचारात असलेल्या वाचकांना एवढंच सांगेन की आधी कुणाचं तरी आठवडाभर मागून वाचा. मोबाइलवर वाचून अंदाज बांधू नका, तो पडदा वेगळा. आपल्याला हवी ती पुस्तकं त्या दुकानात आहेत का हे यंत्राच्या आधी पाहा, कारण एका दुकानाचं कुलूपबंद पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रावर सहसा उघडत नाही. वर्षाला दोन-तीनच पुस्तकं वाचून होत असतील तर यंत्राने ती वाढतील अशी आशा धरू नका. डोळे किंवा हात तक्रार करत असतील, सतत प्रवास असेल, घरात जागा नसेल, तर मात्र संकोच न करता घ्या.

ताई, वाचनगटाच्या पुढच्या पुस्तकापासून सुरुवात करा. ते छापील घ्या आणि त्यानंतरचं यंत्रावर, पण वर सांगितल्याप्रमाणे एकाच आकारात, मुखपृष्ठ समोर ठेवून, नावं वहीत लिहून. दोन्हीनंतर काय आठवतं ते तुमचं तुम्हाला दिसेल, मैत्रिणीच्या मतावर अवलंबून राहावं लागणार नाही. आणि मुलीला फोन करून सांगा की टक्के दिसणं बंद कसं करायचं आणि बंद पडद्यावर मुखपृष्ठ कसं आणायचं ते दाखव. तिने दिलेली भेट तुम्ही रोज वापरताय, हे तिला त्यातूनच कळेल.